एसयूव्हीची बाजूची काच फुटली? नवी बसवण्याआधी कोपऱ्यातला शिक्का वाचा

सकाळी पार्किंगमध्ये यावं आणि गाडीच्या दाराखाली खडीसाखरेसारखा काचांचा सडा दिसावा, हा प्रसंग पुण्या-मुंबईत आता फारसा दुर्मीळ राहिलेला नाही. कधी सीटवर विसरलेली लॅपटॉपची बॅग त्याला कारण ठरते, कधी सोसायटीतल्या पोरांचा चेंडू, तर कधी गवत कापायच्या मशीनने उडवलेला खडा. गाडी साधी असेल तर जवळच्या काचवाल्याकडे जाऊन काम एका दुपारी उरकतं. पण गाडी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, व्होल्वो किंवा लँड रोव्हरची एसयूव्ही असेल, तर गोष्ट वेगळी होते.

सर्व्हिस सेंटर एक आकडा सांगतं आणि तो ऐकून मालकाच्या डोळ्यांसमोर काजवे चमकतात. बाहेरचा काचवाला त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत "सेम काच" बसवून देतो म्हणतो. अशा वेळी पहिला संशय येतो तो लुबाडणुकीचा. तो कधी खराही असतो. पण बऱ्याचदा हे दोघं चक्क दोन वेगळ्या वस्तूंचे भाव सांगत असतात. दिसायला सारख्या, त्याच खाचेत बसणाऱ्या, पण फुटताना पूर्णपणे वेगळं वागणाऱ्या.

दोन काचा, दोन स्वभाव

गाडीची पुढची मोठी काच आणि दाराची काच एकाच जातीची नसते, हे अनेकांना माहीत असतं. पुढची काच लॅमिनेटेड असते. म्हणजे काचेचे दोन पातळ थर आणि मधे प्लास्टिकचा पारदर्शक पडदा, सँडविचसारखा. या प्लास्टिकचं नाव पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, थोडक्यात पीव्हीबी. दगड बसला की अशी काच तडकते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, पण जागेवरच राहते. ही कल्पना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस याने 1909 साली पेटंट केली.

दाराची काच बहुतेक गाड्यांमध्ये टफन्ड असते, हिलाच टेम्पर्ड असंही म्हणतात. काच 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवायची आणि मग दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारून एकदम गार करायची. बाहेरचा भाग आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि पोटात ताण साठून राहतो. म्हणून ही काच हाताच्या बुक्कीला दाद देत नाही. पण एखादं टोकदार, कठीण टोक त्या दाबाच्या थराच्या आत गेलं की साठलेला सगळा ताण एका क्षणात सुटतो आणि पूर्ण काचेचे बोथट दाणे होतात. सतराव्या शतकात युरोपातल्या राजदरबारांमध्ये 'प्रिन्स रुपर्टचे थेंब' नावाचं एक काचेचं खेळणं गाजलं होतं. पाण्यात टाकून गार केलेला काचेचा थेंब डोक्यावर हातोडी मारली तरी टिकायचा आणि शेपटी मोडली की त्याचा चुरा व्हायचा. गाडीच्या दारात बसवलेली काच त्याच तत्त्वावर चालते.

यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. टफन्ड काच एकदा तयार झाली की ती कापता येत नाही, घासून लहान करता येत नाही, तडा भरून दुरुस्तही करता येत नाही. पुढच्या काचेवरचा छोटा टवका रेझिन भरून बुजवतात तसं इथे काही नाही. "मापात कापून देतो" असं कुणी म्हणालं तर तो टफन्ड काच देत नाहीये, हे समजून जावं. आणि "कुणी हातही लावला नव्हता, आपोआप फुटली" ही तक्रार दर वेळी खोटी नसते. काचेच्या कडेला आधीच टवका उडालेला असेल, तर कडक उन्हाने किंवा दार जोरात आपटल्यानेही ती जाऊ शकते.

महागड्या गाड्यांमधला फरक

इथवर सगळं साध्या गाडीलाही लागू आहे. महागड्या एसयूव्हीत गुंतागुंत अशी की दाराच्या काचाही लॅमिनेटेड असू शकतात. सगळ्याच गाड्यांत नाही, सगळ्याच व्हेरिएंटमध्ये नाही, आणि एकाच गाडीच्या चारही दारांना तर हमखास नाही. पुढच्या दोन दारांना लॅमिनेटेड आणि मागच्या दोन दारांना टफन्ड, ही रचना बऱ्यापैकी आढळते.

कंपन्या हा खर्च का करतात? एक कारण आवाज. मधला पीव्हीबीचा थर मऊ ठेवला की तो बाहेरचा आवाज शोषतो. अशा काचेला अकॉस्टिक काच म्हणतात. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने जाताना आत कुजबुजत बोलता येतं, त्यात या काचेचा वाटा मोठा असतो. दुसरं कारण ऊन. हा थर जवळजवळ सगळी अतिनील किरणं अडवतो. तिसरं कारण चोर. टफन्ड काच एका फटक्यात खाली येते, लॅमिनेटेड काचेशी झटापट करावी लागते आणि रस्त्यावरच्या चोराकडे तेवढा वेळ नसतो.

चौथं कारण सगळ्यात गंभीर आहे. गाडी उलटली तर माणूस खिडकीतून बाहेर फेकला जातो, आणि बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता फार कमी होते. एसयूव्ही उंच असल्यामुळे हा धोका जास्त विचारात घेतला जातो. अमेरिकेने 2011 साली बाजूच्या खिडक्यांतून प्रवासी बाहेर फेकला जाऊ नये यासाठी स्वतंत्र नियम आणला आणि तो पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू केला. कंपन्या तो मुख्यत्वे पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगने पूर्ण करतात, पण लॅमिनेटेड काचेचीही त्यात मदत होते. अमेरिकेतल्या मोटारचालकांच्या 'ट्रिपल ए' या संघटनेने 2019 साली सांगितलं होतं की तिथल्या 2018 च्या मॉडेल्सपैकी साधारण दर तीनात एका मॉडेलच्या बाजूच्या काचा लॅमिनेटेड आहेत.

आता काचवाल्याची "सेम काच" आठवा. मूळ काच लॅमिनेटेड असेल आणि तिथे टफन्ड बसवली, तर ती बसेल, वरखाली होईल, पावसाचं पाणी आत येणार नाही. पहिल्याच मोठ्या प्रवासात मात्र एका बाजूने वाऱ्याचा आवाज जास्त येतोय असं वाटेल आणि त्याचं कारण सापडणार नाही. बाकीचा फरक तर अपघात होईपर्यंत कळणारच नाही.

शिक्का कसा वाचायचा

प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात छोटा छापील शिक्का असतो. फुटलेल्या काचेचा शिक्का दाण्यांमध्ये हरवला तरी हरकत नाही. त्याच ओळीतल्या दुसऱ्या बाजूच्या दाराचा वाचावा. डाव्या पुढच्या दाराची काच गेली असेल तर उजव्या पुढच्या दाराची बघावी. मागच्या दाराची बघून उपयोग नाही, कारण ती वेगळ्या जातीची असू शकते.

शिक्क्यावर काच बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं: सेंट-गोबेन सेक्युरिट, एजीसी, पिल्किंग्टन, गार्डियन, फुयाओ, किंवा भारतातली एआयएस म्हणजे असाही इंडिया. त्याखाली मानकांचे आकडे असतात. भारतात गाडीच्या सुरक्षा काचेसाठी आयएस 2553 हे मानक आहे. युरोपच्या मानकाची खूण म्हणजे वर्तुळातलं ई अक्षर आणि शेजारी मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक. अनेक शिक्क्यांवर 'लॅमिनेटेड' किंवा 'टेम्पर्ड' हा शब्द इंग्रजीत सरळ लिहिलेला असतो. आवाज शोषणारी काच असेल तर 'अकॉस्टिक' हा शब्द किंवा कानाचं छोटं चित्र काही कंपन्या छापतात.

शब्द सापडला नाही तर आणखी सोपा उपाय आहे. काच अर्धी खाली घ्यायची आणि तिची वरची कड निरखून बघायची. लॅमिनेटेड काचेच्या कडेला दोन थर आणि मधली बारीक रेघ दिसते. टफन्ड काचेची कड अखंड असते. मोबाईलचा टॉर्च लावला तर चाळिशीचा चष्मा असणाऱ्यालाही दिसतं.

या शिक्क्यात काच कधी बनली याचा संकेतही दडलेला असतो, बहुधा वर्षाचा शेवटचा आकडा आणि महिन्यासाठी काही ठिपके. पद्धत कंपनीगणिक बदलते. सेकंडहँड गाड्यांचे मुरलेले दलाल गाडीभोवती फिरताना वाकून वाकून बघतात ते हेच. तीन काचा एका वर्षाच्या आणि चौथी वेगळ्या वर्षाची असेल तर ते दार कधीतरी उघडलं गेलं आहे, हे त्यांना कळतं. त्यामुळे काच बदलल्याचं बिल जपून ठेवावं. गाडी विकताना "अपघात नव्हता, फक्त काच फुटली होती" हे कागदावर दाखवता येतं.

पहिला तास

काच फुटल्यावर बहुतेक जण एक चूक करतात. काच कुठवर उरली आहे ते बघायला खिडकीचं बटण दाबतात. दाराच्या आत दाण्यांचा ढीग पडलेला असतो आणि काच वरखाली करणारी यंत्रणा, जिला गॅरेजमध्ये काचेचं मशीन म्हणतात, त्यातच अडकते. केबल तुटली किंवा प्लास्टिकचा दाता मोडला की काचेच्या बिलात मशीनचं बिल जोडलं जातं. बटणाला हात लावू नये.

साफसफाईआधी फोटो काढावेत: लांबून, जवळून, नंबर प्लेट दिसेल असा एक, आतल्या सीटचा एक. चोरी झाली असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि एफआयआरची प्रत घ्यावी. काहीच चोरीला गेलं नसेल, नुसती तोडफोड असेल, तर अनेकदा अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते, जिला सगळे एनसी म्हणतात. तिचीही प्रत घ्यावी. आसपासच्या दुकानाच्या किंवा सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण लवकर मागावं, कारण ते ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

मग खिडकी झाकायची. जाड प्लास्टिक बाहेरून लावून वरची कड दाराच्या चौकटीत दाबून दार बंद केलं की ते बऱ्यापैकी तग धरतं. रंगावर चिकटपट्टी लावायची वेळ आली तर रंगाऱ्याची मास्किंग टेप वापरावी. खोक्यांवरची तपकिरी टेप उन्हात रंगावर असा गोंद सोडते की तो काढताना पॉलिश जातं. पावसाळ्यात झाकण्याची घाई खरोखर करावी. या गाड्यांच्या दारात खिडक्यांची बटणं, सीटच्या मेमरीची बटणं, स्पीकर, आरशाची वायरिंग असं बरंच काही असतं आणि सीटखाली इलेक्ट्रॉनिक्सचे डबे असतात. एका रात्रीच्या पावसाने होणारं नुकसान काचेच्या किमतीला मागे टाकू शकतं.

विमा घ्यायचा की खिशातून भरायचं?

गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर फुटलेली काच त्यात येते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काहीही मिळत नाही. विम्याच्या नियमांत काचेवर घसारा शून्य धरतात, मग गाडी कितीही जुनी असो. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र निम्मा घसारा कापला जातो, म्हणजे नव्या बीडिंगचे, क्लिपांचे अर्धे पैसे मालकाच्या माथी. झिरो डेप्रिसिएशनची पॉलिसी असेल तर तेही वाचतात. याशिवाय 1500 सीसीच्या वरच्या गाडीला 2000 रुपये सक्तीची वजावट असते. हप्ता कमी व्हावा म्हणून कुणी ऐच्छिक वजावट घेऊन ठेवली असेल, तर तीही त्यात मिळवावी लागते.

गाडीतून गेलेला लॅपटॉप किंवा पर्स या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी वैयक्तिक सामानाचं वेगळं कवच घेतलेलं असावं लागतं, आणि त्यातही अटी असतात.

खरा हिशेब असतो नो क्लेम बोनसचा. क्लेम न करता वर्षं गेली की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अनुक्रमे 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के सूट मिळत जाते. एक क्लेम केला की ती पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येते आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते.

समजा एखाद्या एसयूव्हीचा हा हप्ता सूट धरण्याआधी 60,000 रुपये आहे आणि मालक 50 टक्क्यांच्या पायरीवर आहे. क्लेम केला नाही तर तो दर वर्षी 30,000 भरत राहील. क्लेम केला तर पहिल्या वर्षी 30,000 जास्त जातील, दुसऱ्या वर्षी 18,000, तिसऱ्या वर्षी 15,000, चौथ्या वर्षी 9,000 आणि पाचव्या वर्षी 3,000. पाच वर्षांत मिळून 75,000. गाडीची विमा किंमत दर वर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा थोडा कमी येईल. पण काचेचं बिल 40,000 असेल तर "फुकटात काम झालं" म्हणत क्लेम करणारा प्रत्यक्षात तोट्यात गेलेला असतो, हे यातून दिसतं. शिवाय ही सूट गाडीला चिकटलेली नसते, मालकाला चिकटलेली असते. पुढच्या वर्षी नवी गाडी घेतली तरी गमावलेला बोनस तिथे जाणवतो.

नो क्लेम बोनस प्रोटेक्शन नावाचं जोडकवच घेतलेलं असेल तर हा सगळा हिशेब बदलतो. काही कंपन्या फक्त काचेच्या क्लेमला बोनसमधून सवलत देतात. म्हणून फोन करण्याआधी पॉलिसीचे कागद काढावेत आणि "काचेच्या क्लेमने बोनस जाणार का" हा एकच प्रश्न लेखी विचारावा. आणि क्लेम करायचा असेल तर काम सुरू होण्याआधी कळवावं. आधी काच बसवून मग बिल पाठवलं तर पाहणी कशाची करायची, असा प्रश्न विमा कंपनी विचारते आणि तो रास्त असतो.

काच कुठून येते

गमतीची गोष्ट म्हणजे गाडीच्या काचा बनवणारा मोठा उद्योग महाराष्ट्राच्या अंगणातच आहे. सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. मर्सिडीजच्या गाड्याही चाकणलाच जुळवल्या जातात, तर ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. तरीही आपल्या एसयूव्हीची दाराची काच आठवडाभर, कधी त्याहून जास्त वाट बघायला लावते. कारण या मॉडेल्सची संख्या कमी, त्यातही प्रत्येक व्हेरिएंटची काच वेगळी. त्यामुळे ती दुकानात पडून राहत नाही, मागवावी लागते आणि पुष्कळदा परदेशातून येते.

मागवताना मॉडेलचं नाव आणि वर्ष पुरत नाही. चासी नंबर द्यावा. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्ये अकॉस्टिक आणि साधी, फिकट हिरवी आणि गडद, अशा वेगळ्या काचा असू शकतात आणि कारखान्याने कोणती लावली होती हे चासी नंबरवरूनच कळतं.

बाहेरचा काचवाला नेहमी वाईट, असं मात्र नाही. गाडीच्या कंपनीचा लोगो नसलेली, पण त्याच काच कारखान्यात त्याच मानकाने बनलेली काच त्याच्याकडे मिळू शकते आणि ती घेण्यात काहीच गैर नाही. टफन्डच्या जागी मानकाचा शिक्का असलेली चांगली टफन्ड काच बसवली तर पैसे वाचवल्याचा आनंद जरूर घ्यावा. अट एवढीच की बसवण्याआधी शिक्का डोळ्यांनी बघायचा, आणि बिलावर "डोअर ग्लास" एवढंच न लिहिता लॅमिनेटेड की टेम्पर्ड हे लिहून घ्यायचं. हे लिहायला जो दुकानदार का-कू करतो, त्याच्याकडची काच घेऊ नये. भंगारातल्या गाडीतून काढलेली काचही मिळते. तिच्या कडा चारही बाजूंनी शाबूत असतील तरच विचार करावा.

दार उघडल्यावर

कामाला कसबी हाताला साधारण दीड-दोन तास लागतात. आधी बॅटरीची जोडणी सोडून थोडा वेळ थांबतात, कारण दारात एअरबॅगशी जोडलेल्या वायरी असतात. मग आतल्या हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू काढून डोअर पॅड क्लिपांमधून अलगद सोडवतात. त्यामागे प्लास्टिकचा किंवा फोमचा एक पडदा दाराच्या पत्र्याला चिकटवलेला असतो.

या पडद्याकडे लक्ष द्यायला हवं, कारण घाईत तोच फाडला जातो. त्याचं दिसणारं काम म्हणजे खिडकीतून दारात उतरलेलं पाणी गाडीत न येऊ देणं. न दिसणारं काम असं, की अनेक नव्या गाड्यांमध्ये बाजूच्या धडकेचा सेन्सर दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतो. दुसरी गाडी दारावर आदळली की पत्रा आत दबतो, पोकळीतला दाब एकदम वाढतो आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. दाराच्या आतली बाजू नीट बंद नसेल तर त्या दाबाचं गणित बिघडू शकतं. त्यामुळे पडदा फाटला तर सेलोटेप न मारता नवा लावून घ्यावा.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं, पण महत्त्वाचं. दाराच्या तळाशी पडलेले दाणे व्हॅक्युम क्लीनरने काढायचे, बाजूच्या रबरी खाचांमध्ये अडकलेले एकेक करून वेचायचे. दाराच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी छोटी भोकं असतात. त्यात दाणे अडकले तर पावसाळ्यात दारात पाणी साचतं, वळणावर डुबुकडुबुक आवाज येतो आणि दोन-तीन वर्षांत पत्रा आतून गंजतो. खाचेत एक दाणा जरी राहिला तरी नव्या काचेवर पहिल्याच दिवशी उभी रेघ उमटते.

नवी काच मशीनच्या पकडीत बसवून बोल्ट ठरावीक ताकदीनेच आवळतात. जास्त आवळला तर कडेवर ताण येऊन काच पुन्हा जाऊ शकते. शेवटी खिडकीला तिची वरची आणि खालची हद्द शिकवावी लागते. साधारणपणे काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरतात. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. हे केलं नाही तर एका स्पर्शात काच वर जात नाही, आणि मुलाचा हात मधे आला तर काच थांबून खाली यायची जी सोय असते, तीही बंद राहू शकते. गाडी ताब्यात घेताना गुंडाळलेलं वर्तमानपत्र खिडकीत धरून ती तपासावी, हात धरून नव्हे. दारावर पाण्याचा पाइप धरून बघावा, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटलेला नाही ना ते बघावं, आणि दार दोनदा आपटून आत खुळखुळ ऐकू येते का ते बघावं. सीटच्या रुळांमधले आणि मुलांच्या कार सीटच्या घड्यांमधले दाणे आठवडाभर निघत राहतात. लहान मूल बसणार असेल तर ती सीट काढून, झटकून, धुऊन मगच लावावी.

मागच्या दारामागची छोटी तिकोनी किंवा चौकोनी स्थिर काच फुटली असेल तर काम वेगळं. ती मशीनवर नसते, गाडीच्या पत्र्याला पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते. कधी कडेची रबरी चौकट काचेसोबत एकसंध ओतलेली असते, कधी रेडिओच्या अँटेनाच्या तारा तिच्यातून गेलेल्या असतात. आकाराने लहान असूनही तिचं बिल मोठ्या काचेच्या वर जाऊ शकतं, ते यामुळे. गोंद सुकेपर्यंत गाडी हलवू नये, किती वेळ ते गोंदाच्या जातीवर अवलंबून असतं आणि कारागिराने ते सांगायला हवं.

काळी फिल्म

काच बसवून झाली की दुकानदार हमखास विचारतो, "साहेब, फिल्म मारायची का?" केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 100 व्या नियमानुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी काचेवर कोणतीही फिल्म चिकटवायला मनाई केली. पुढे नियमात बदल झाला आणि 2024 साली केरळ उच्च न्यायालयाने प्रकाशाची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मच्या बाजूने निकाल दिला. पण नाक्यावर हे सगळं समजावत बसण्याची तयारी असेल तरच या वाटेला जावं. काचेतच रंग असलेली, मर्यादेत बसणारी काच मागवणं जास्त सोपं.

बुडत्या गाडीतली काच

लॅमिनेटेड काचेची एक बाजू मात्र जाहिरातीत सांगितली जात नाही. 26 जुलै 2005 च्या प्रलयात मुंबईत काही जण पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांमध्येच गेले. तेव्हापासून काच फोडायची छोटी हातोडी गाडीत ठेवायचा सल्ला सगळीकडे फिरतो, दर पावसाळ्यात व्हॉट्सअॅपवर येतो. हा सल्ला टफन्ड काचेसाठी बरोबर आहे. 'ट्रिपल ए'ने 2019 साली अशी सहा साधनं तपासली. त्यातल्या चारांनी टफन्ड काच फोडली. लॅमिनेटेड काच एकालाही फोडता आली नाही. म्हणजे तडे गेले, पण बाहेर पडायला वाट झाली नाही.

म्हणून पुढच्या दारांना लॅमिनेटेड काच असलेल्या गाडीत हातोडी घेऊन शेजारच्याच खिडकीवर तुटून पडण्यात मोलाचे क्षण वाया जातात. पाणी चढायला लागताच, वीज चालू आहे तोवर, सीटबेल्ट सोडून काच खाली घ्यायची. ते जमलं नाही तर मागच्या टफन्ड काचेकडे सरकायचं आणि मधोमध न मारता कोपऱ्याजवळ घाव घालायचा, कारण मधे काच थोडी लवते. कोणत्या दाराची काच कोणत्या जातीची, हे घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत असावं, ड्रायव्हरकाकांनाही. काच बदलताना शिक्का वाचायचाच आहे, तर त्याच वेळी चारही दारांचा वाचून घ्यावा. दोन मिनिटांचं काम आहे. हातोडी मात्र डिकीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी असावी.